सुई कुठं थांबली?

आमच्या घरात एक जुनी वाकळ आहे. तिच्या बरोबर मधोमध, अंगावर घेतली की पोटावर येते त्या जागी, सात-आठ टाके वाकडे गेलेत. बाकीची वाकळ दोरी लावून आखल्यासारखी सरळ. पाहुण्यांपैकी कुणी चौकशी केली तर आम्ही सांगतो, "तिथं मास्तरांना फाशी झाली."

पाहुणा वाकळ हळूच बाजूला सारतो. मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

वाकळ शिवली माझ्या आत्यानं. आत्या म्हसवडात जन्मली आणि दिलीही म्हसवडातच. त्यामुळं सासर आणि माहेर यांच्यात दोन गल्ल्या आणि एक पिंपळ एवढंच अंतर. मार्गशीर्ष प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा जत्रेत पाळणे, मिठाईची दुकानं, घोंगड्यांचे ढीग आणि शेवटाला सिनेमाचा तंबू असायचा. तिकीट कितीही स्वस्त असलं तरी घरटी सगळ्यांना परवडायचं नाही. म्हणून आमच्या गल्लीनं तोड काढली होती. चार घरांनी मिळून एका माणसाचं तिकीट काढायचं. त्या माणसानं रात्री सिनेमा बघायचा आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना सांगायचा. हा मान वर्षानुवर्षं आत्याकडं होता. निवडणूक कधी झाली नाही, विरोधी उमेदवारही कुणी नव्हता. एकदा शेजारच्या काकांना पाठवलं होतं. त्यांनी परत येऊन "चांगला होता" एवढंच सांगितलं. चार घरांचे पैसे बुडाले.

दुपारी भाकरी-कालवण आटोपलं की सोप्यात वाकळ अंथरली जायची. जुनी लुगडी, फाटकी धोतरं एकावर एक घालून चार बायका चार कोपऱ्यांना बसायच्या. वाकळ काठाकडून मध्याकडं शिवत नेतात. आत्या सिनेमाही तसाच सांगायची. काठाला गाव, घर, माणसं. मग एकेक ओळ आत. मधे पोचेपर्यंत पेच पुरता आवळलेला. नट, नटी, खलनायक, घोडा, पाऊस हे सगळं ती एकटी करायची, हातातली सुई न सोडता. आणि ऐन जागी ती थांबली की चारही कोपऱ्यांतल्या सुया हवेत थांबायच्या. कुणाचा टाका वाकडा जायचा, कुणाच्या बोटात सुई जायची. 'पिंजरा'च्या वेळी तेच झालं.

शांतारामांचा 'पिंजरा' १९७२ चा. पुण्या-मुंबईत गाजून आमच्या तंबूत यायला त्याला पुढं बराच काळ लागला. त्यातल्या मास्तरांची, म्हणजे डॉक्टर लागूंची, गोष्ट आत्या अशी सांगायची : "तत्त्वाचा मास्तर. तमाशावालीला गावाभायेर काढाय गेला आन् सोताच तिच्या नादी लागला. मंग गावाला वाटलं, मास्तर मेला. गावानं त्येचा पुतळा हुबा केला. आन् पोलिसांनी मास्तराच्या खुनासाठी धरला कुणाला, तर मास्तरालाच!" इथं ती थांबली. सात-आठ टाके वाकडे गेले. स्वतःच्या खुनाबद्दल स्वतः फासावर जाणारा माणूस! तीन ओळींत गोष्ट सांगून झाली आणि पन्नास वर्षं झाली तरी ती वाकळीवर आहे.

आत्याचं सिनेमाबद्दलचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आहे : सुई कुठं थांबली? कुठंच थांबली नाही, तर सिनेमा वाया. मग त्यात कितीही घोडे असोत.

आता गोष्टीचं हे वेड म्हसवडातच का, असं कुणी विचारेल. सातारा जिल्हा एकच, पण पावसानं वाटणी करताना थोरल्या भावासारखं वागून घेतलंय. महाबळेश्वरात तो मुक्कामाला असतो. आमच्या माण तालुक्यात त्याची नुसती बातमी येते. माणगंगा नदी आहे, पण ती बहुतेक वेळा वाळूच्या खालून जाते. अशा मुलखात माणसाजवळ वेळ आणि तोंड या दोनच गोष्टी बारमाही राहतात. मेंढरं घेऊन फिरणारे धनगर रात्री सुंबरान मांडतात. बिरोबाची कथा आधी ओवीत गातात, मग तीच साध्या बोलीत सांगतात, पुन्हा ओवी. रात्र सरते, कथा सरत नाही. समोर बसलेल्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार बंद झाला की सांगणाऱ्याला कळतं, एक तर ऐकणारा झोपला किंवा आपण चुकलो. सिनेमावाल्यांची पंचाईत अशी की त्यांना हुंकार ऐकू येत नाही, पहिल्या तीन दिवसांचा गल्ला तेवढा ऐकू येतो.

तर अशा या माणदेशानं मराठीला गोष्ट सांगणारी माणसं दिली. तासाभराच्या वाटेवर, सांगली जिल्ह्यात, माडगूळ. तिथले दोघे भाऊ. थोरले ग. दि. माडगूळकर, धाकटे व्यंकटेश. आटपाडीचे शंकरराव खरात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. अमोल पालेकरांनी तिच्यावर १९९५ मध्ये सिनेमा केला. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, वाडी हळूहळू त्याला आपला म्हणते, आणि मग दुष्काळ येतो आणि वाडीच उठून निघून जाते. झाली गोष्ट. आमच्याकडं ही ऐकून कुणी रडत नाही, "हां, आसंच हुतं" म्हणतात. माणदेशात याहून मोठी पावती नाही.

पण आत्याचा मानाचा सिनेमा वेगळा. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत काढली. कैद्यांचा तुरुंग, पण भिंत नाही, गज नाहीत. कैद्यांनी शेती करायची आणि पळून जायचं नाही, एवढाच करार. या खऱ्या प्रयोगावरून गदिमांनी गोष्ट लिहिली आणि शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आंखें बारह हाथ' काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. अमेरिकेत गोल्डन ग्लोबवाल्यांनी गौरव केला. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात शांतारामांच्या डोळ्याला खरोखरची इजा झाली. सिनेमाच्या नावातल्या दोन डोळ्यांसाठी त्यांनी स्वतःचे पणाला लावले, असं म्हणायला हरकत नाही.

बर्लिनला काय वाटलं ते बर्लिनला ठाऊक. आमच्या सोप्यात आत्या एवढंच म्हणाली होती : "सहा खुनी. एक जेलर. त्यो म्हंतोय, माज्या दोन डोळ्यांचा धाक तुमच्या बारा हातांना पुरं हाय. कोंडायची गरज न्हाय." मग सुई टोचत टोचत, "आन् मग?" असं कुणीतरी विचारायची वाट बघत बसली. 'आन् मग' हे दोन शब्द निघाले की गोष्ट जिंकली. सहा खुनी भाजी पिकवतात, बाजारात स्वस्त विकतात, तिथले व्यापारी उठतात. कळतंय ना, भांडण कुठल्या गावात सुरू झालं? तुमच्या-माझ्या बाजारात. खलनायकाला जग उडवायचं नव्हतं. त्याला फक्त वांग्याचा भाव टिकवायचा होता.

आजच्या खलनायकाची महत्त्वाकांक्षा बघितली की त्या व्यापाऱ्यांचं हसू येतं. हल्लीच्याला पृथ्वीपेक्षा कमी काही चालत नाही. एखादा उपग्रह, एखादं विषारी औषध, नाहीतर सगळ्या देशाचे संगणक एकदम बंद. मला एकदाही त्याची भीती वाटली नाही. म्हसवडात वीज गेली तर संगणक तसेही बंदच असतात.

तंबूतली एक आठवण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तंबूत जमिनीवर बसायचं. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. अगदीच पैसे नसतील तर पडद्याच्या मागच्या बाजूनं बघायची सोय होती. तिकडून चित्र उलटं दिसायचं, त्यामुळं माझा एक मित्र एका नावाजलेल्या नटाला कित्येक वर्षं डावखुरा समजत होता आणि त्यावरून त्यानं दोन वेळा मारामारी केली. तर एकदा जत्रेत ऑपरेटरच्या हातून रिळांची अदलाबदल झाली. चौथं आधी लागलं, तिसरं नंतर. चौथ्यात खलनायकाला बेड्या पडल्या आणि लगेच तिसऱ्यात तो पांढऱ्या सदऱ्यात सोफ्यावर बसून चहा प्यायला लागला. तंबूत क्षणभर शांतता. मग मागून एक म्हातारा ओरडला, "आरं, ह्येला तर आत टाकलाय!" पाठोपाठ साऱ्या तंबूनं ठणाणा केला. टोप्या उडाल्या, पडद्यावर शेंगांची फोलपटं आली. शेवटी मालक बॅटरी घेऊन पडद्यासमोर आला, हात जोडले, आणि दोन्ही रिळं क्रमानं पुन्हा दाखवली. निम्म्या लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आधी काय आणि मग काय, हे सगळ्यांना पाठ होतं.

मागच्या वर्षी साताऱ्याला एका मोठ्या थेटरात सिनेमा बघताना हा म्हातारा आठवला. पडद्यावर 'सहा महिने आधी' अशी पाटी आली. मग 'तीन दिवसांनंतर'. मग 'सध्या'. मग परत 'बारा वर्षांपूर्वी'. एक माणूस मेला, आला, लहान झाला, परत मेला. कुणी हू का चू केलं नाही. मला खात्री आहे, तिथं रिळं खरोखर उलटी लागली असती तरी लोकांनी टाळ्या दिल्या असत्या आणि कुणीतरी त्याला 'पटकथेचा धाडसी प्रयोग' म्हटलं असतं. बघणाऱ्यांच्यात ओरडणारा म्हातारा उरला नाही, म्हणून रिळं लावणाऱ्यानं क्रम सोडला, की क्रम सुटला म्हणून म्हातारा घरी बसला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इथं एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हा लेख 'आमच्या वेळी तूप कसं रवाळ असायचं' या सदरात जाईल. आत्या सांगायची त्यातलं बरंचसं मूळ सिनेमात नसायचं. मोठा झाल्यावर मी तिच्या आवडीच्या दोन-तीन जुन्या सिनेमांच्या सीड्या आणून बघितल्या आणि हबकलो. आत्याच्या गोष्टीत नायिकेची सासू शेवटच्या घटकेला सुनेच्या हातचं पाणी मागते आणि जीव सोडते. पडद्यावर त्या सासूनं पाणीबिणी काही मागितलं नाही. दुसऱ्या रिळानंतर ती गायबच होती, बहुधा निर्मात्याशी पैशावरून वाजलं असावं. आत्याला विचारलं तर म्हणाली, "मंग? सासूला आशी अर्ध्यात सोडून कशी चालंल? ऐकणाऱ्या बाया इचारतील की." म्हणजे भिकार सिनेमे तेव्हाही होते, खंडीभर होते. पण तंबूपासून सोप्यापर्यंत येताना त्यांची दुरुस्ती व्हायची. आता ट्रेलर थेट प्रत्येकाच्या हातात येतो, दुरुस्तीची जागाच उरली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तर तिनं गोष्टीवर रोजगार हमी चालवली म्हणायला हवं. खडी फोडायच्या कामावर गावातल्या बाया जात. मिलोच्या भाकरी, सुकडी आणि डोक्यावर ऊन. ती खडी फोडता फोडता सिनेमे सांगायची. पहिल्या दिवशी मुकादमानं तक्रार केली की गोष्ट रंगात आली की हातोड्या थांबतात आणि ढीग कमी भरतो. दुसऱ्या दिवशी तो ताकीद द्यायला आला आणि 'सांगत्ये ऐका'च्या मध्यात अडकला. तिसऱ्या दिवशी तो सकाळीच येऊन बसला. 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा, अनंत माने यांचा, पटकथा आमच्याच व्यंकटेश माडगूळकरांची, पुण्याच्या विजयानंद थेटरात १३१ आठवडे चालला. नाव बघा त्याचं. दोन शब्दांत करार : मी सांगते, तू ऐक. आता एवढा साधा करार कुणी करत नाही. आता सांगणाऱ्याला आधी दाखवायचं असतं.

दाखवायचं काय, तर बजेट. हल्ली सिनेमा कसा तयार होतो, याचं मी बरंच वाचन केलं. आधी हिरोच्या तारखा घेतात. मग प्रदर्शनाची तारीख जाहीर होते, दिवाळी किंवा ईद. मग एक पोस्टर येतं, त्यात हिरो पाठमोरा. मग परदेशातले हक्क, टीव्हीचे हक्क, गाण्यांचे हक्क विकले जातात. सगळं झालं की कुणाच्या तरी लक्षात येतं, अरे, गोष्ट राहिली. आमच्याकडं मांडव घातला, आचारी ठरवला, वाजंत्री बोलावली, आणि मग नवरी बघायला निघालं, तर लोक त्या घराला वाळीत टाकतील. सिनेमात त्याला 'प्रोजेक्ट' म्हणतात.

आणि गोष्ट शोधायला लांब जात नाहीत. घरातलीच मागच्या वर्षीची काढतात, झटकतात, आकडा लावतात. 'सिंघम' २०११ मध्ये आला. साधी गोष्ट होती : प्रामाणिक फौजदार, माजलेला पुढारी. त्यालाही दक्षिणेतून आणलेलं होतं, पण निदान सांगता यायचं. २०२४ मध्ये 'सिंघम अगेन' आला, तोवर त्याच्या खात्यात इतके फौजदार भरती झाले होते की त्यांच्या एन्ट्र्या मोजतानाच इंटरव्हल झाला, आणि गोष्टीसाठी शेवटी रामायणाकडं जावं लागलं. वाल्मीकींना मानधन मिळालं नसणार. त्याच वर्षीचा 'पुष्पा २' तीन तास वीस मिनिटांचा. म्हसवडहून साताऱ्याला जायला एसटीला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. आणि एसटी निदान दहिवडीला थांबते.

मराठीनं वेगळा मार्ग धरला. ती लंडनला गेली. तिकडं चित्रीकरण केलं की तिथलं सरकार खर्चातला काही भाग परत करतं, त्यामुळं अलीकडं मराठी नवरा-बायकोचं जे काही बिनसतं ते लंडनलाच बिनसतं. साखरपुडा बेळगावला, संशय थेम्सकाठी. वाडा विकायचा आहे पुण्यातला, पण भाऊ-भाऊ भांडतात ते लाल बसच्या मागं उभं राहून. मला यात गैर काही वाटत नाही, पैसा परत मिळतोय तर घ्यावा. फक्त पडद्यावर ती माणसं लंडनला का गेली, हे एका वाक्यात सांगा. आमच्याकडचा माणूस मेंढरं घेऊन कोकणाकडं निघाला तरी गाव विचारतं, का चाललास? तो सांगतो, चारा नाही. बघा, गोष्ट सुरू झाली.

चाऱ्यावरून आठवलं. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची मोठी छावणी होती. माणसं महिनोन् महिने गुरांबरोबर तिथंच राहिली. तिथल्या एका रात्रीत, एका गोठ्याच्या आडोशाला, दहा सिनेमे पडलेले होते. नवी सून सासऱ्यासमोर पदर न घेता भाकरी थापते, कारण पदर घ्यायला आडोसाच नाही. म्हातारा बैल विकायचा नाही म्हणून मुलाशी बोलत नाही, आणि दोघांच्या खाटा शेजारी-शेजारी. मोठ्या पडद्यावर मात्र दुष्काळ दिसतो तो ड्रोनमधून. वर आकाशातून भेगाळलेली जमीन, मागं बाईचा आलाप. इतक्या उंचावरून दुष्काळ दिसायला फार देखणा. खाली उतरून विचारलं तर गोष्ट मिळेल, पण ड्रोन विचारत नाही.

आणि तो आलाप! पूर्वी रडायचं कुठं, हे आम्ही ठरवायचो. आता व्हायोलिन ठरवतं. पात्राच्या बापाला खोकला आला की व्हायोलिन सुरू होतं, आणि आमच्या ध्यानात येतं की हा काही इंटरव्हलपर्यंत टिकत नाही. पात्रंही आपल्या मनातलं सगळं बोलून दाखवतात. "मला खूप राग आलाय," असं म्हणून माणूस रागावतो. बघणारा मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेला असतो, त्याला वर न बघता कळावं म्हणून ही व्यवस्था असावी. म्हणजे सिनेमाच आता वाकळ शिवता शिवता ऐकण्याजोगा झाला. फक्त सुई थांबत नाही.

नाही म्हणायला, नव्यातही थांबली आहे. २००४ च्या 'श्वास'ला एकदा थांबली. नातवाचे डोळे जाणार आहेत आणि ते त्याला कसं सांगायचं, हे आजोबांना कळत नाही. इतकीच गोष्ट, आणि 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ तिनं मराठीत परत आणलं. २०१६ मध्ये गल्लीतल्या तीन पोरी 'सैराट' बघून आल्या. तोवर आत्याचं बाहेर जाणं कमी झालं होतं, म्हणून या तिघी तिला सांगायला बसल्या. गाण्यांवर त्या नाचल्या, विहिरीवर हसल्या. आत्याही हसली. मग शेवट आला. तिघींपैकी एकीलाही तो बोलून सांगता येईना. धाकटीनं नुसती दोन बोटं फरशीवर टेकवत टेकवत नेली, लहान पोराची पावलं चालत जावीत तशी. आत्याच्या अंगठ्यातून रक्त आलं. तेव्हा शिवायला घेतलेल्या वाकळीवर त्याचा डाग आहे, धुतला तरी गेला नाही. ती वाकळ तिनं कुणाला दिली नाही.

म्हणून काळाला दोष देत बसू नये. या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चिरंजीवांनी साताऱ्याला जाऊन एक सिनेमा बघितला. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण मागच्याचं आणि पुढच्याचं नाव तेच आहे, आकडा तेवढा वेगळा. तिकीट आणि मक्याच्या लाह्या मिळून जे पैसे गेले त्यात घरात दोन महिन्यांची ज्वारी आली असती. ते बघून घराण्याची परंपरा मला आठवली. म्हटलं, चल, आत्याआज्जीला सांग.

आत्या सोप्यात बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. वाकळीचे काठ शिवून झालेले, मधला हातभर तुकडा राहिला होता. चिरंजीवांनी सुई ओवून दिली आणि पुढ्यात मांडी घातली.

"सुरुवातीला एक बंदर दाखवतात."

"कुठलं?"

"परदेशातलं. तिथं खूप कंटेनर असतात."

"काय आसतं त्यात?"

"ते पुढच्या पार्टमध्ये कळणार आहे."

"बरं. मंग?"

"मग तो येतो. आधी बूट येतात."

"नुस्तं बूट?"

"म्हणजे बूट दाखवतात. मग पाठ. मग हात. मग धूर. मग तोंड."

"वरातीतला नवरदेव बी एवढा येळ लावत न्हाय. बरं, आला. करतो काय?"

"मारतो."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"का रं?"

चिरंजीव विचारात पडले. "त्याच्यासाठी फ्लॅशबॅक आहे."

"त्यात काय हाय?"

"त्यातपण मारतो."

आत्याची सुई चालूच होती. खसखस, खसखस. "ह्येला आई हाय का?"

"आहे. फोटोत."

"बायकू?"

"हिरॉइन आहे ना. तिचं एक गाणं आहे, एकदम भारी."

"आन् गाणं झाल्यावर?"

"मग... नाही दिसत ती."

"कुटं गेली?"

चिरंजीवांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. आत्यानंच त्याला सोडवलं, "माह्यारी गेली आसंल. ऱ्हाऊ दे. शेवट सांग."

"शेवट नाही सांगत, बाबांना बघायचाय. स्पॉयलर होईल."

"म्हंजे?"

"आधीच कळलं की मजा जाते."

आत्यानं चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. "पाडव्यापास्नं महिनाभर सिद्धनाथाच्या लग्नाचा सोहळा चालतोय. नवरी दरसाली जोगेश्वरीच. समद्यांना ठावं आसतंय. तरी रथाला मुंगी शिराय जागा आस्ती का? नोटांची तोरणं बांधत्यात लोकं. ज्येची मजा कळल्यावर जाती, ती मजा कसली?"

चिरंजीवांना हे पटलं असावं, किंवा जेवणाची वेळ झाली असावी. त्यांनी शेवट सांगून टाकला. "सगळं संपतं. नावं यायला लागतात. लोक उठतात. आणि मग एकदम एक माणूस येतो, एका डोळ्यावर पट्टी, आणि म्हणतो, 'खेळ तर आता सुरू झालाय.'"

"आता?"

"हो. म्हणजे पुढचा पार्ट."

"मंग इतका येळ काय चाललं हुतं?"

या प्रश्नाला चिरंजीवांकडं उत्तर नव्हतं. त्या सिनेमाच्या तिन्ही पटकथाकारांकडं असेल असं मला वाटत नाही. आत्यानं दोरा दातानं तोडला, वाकळ झटकली, उजेडाकडं धरली आणि मला दाखवली. हातभर राहिलेला मधला तुकडा चहाच्या आत शिवून झाला होता. टाके दोरी लावून आखल्यासारखे सरळ, एकसुद्धा वाकडा नाही.